टिकटिक कुठली, ते आधी ऐका

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं हे बोलणं. बोलणाऱ्या ताई आपल्या गटाची मालगाडी स्वतः चालवतात.)

मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर दोन गटांतल्या बायका मला बाहेर भेटल्या. दोघींचं दुखणं एकच. गटानं जुनी गाडी घेतलीय, ती टिकटिक वाजायला लागलीय, आणि गॅरेजवाला म्हणतोय इंजिन खोलावं लागेल. आता काय करायचं?

मी काही मेकॅनिक नाही. पण आमच्या गटाची गाडी गेली चार वर्षं मी चालवते, आणि अशाच एका टिकटिकीपायी आमच्या गटाचे 28,000 रुपये जाता जाता राहिले. पैशापेक्षा मोठंही काहीतरी जाता जाता राहिलं, ते पुढं सांगतेच.

आमचा गट मोहोळ तालुक्यातला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो आणि सोलापुरात दुकानांना देतो. आधी टेम्पोनं माल जायचा. भाडं देऊन हातात काय उरायचं ते विचारू नका. म्हणून 2021 साली गटानं एक जुनी ओम्नी घेतली, 2011 सालची. ही गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. शाळेची मुलं नेणारी, रुग्ण नेणारी, सरकत्या दाराची. 1984 पासून 2019 पर्यंत ती निघत होती, त्यामुळं पार्ट कुठंही मिळतात आणि तिचं इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावात कुणीही जाणतं. तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं साधं इंजिन. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. या गाडीला पुढं बॉनेट उघडून इंजिन दिसत नाही. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. म्हणजे चालवणारी जवळजवळ इंजिनावरच बसलेली असते.

दुसऱ्या वर्षी थंडीत आवाज सुरू झाला. पहाटे पाचला गाडी चालू केली की टिक टिक टिक टिक, एकदम बारीक आणि भराभर. शिवणयंत्र जोरात चालवल्यावर वाजतं ना, तसं. महामार्गावर आलं की इतर आवाजांत ते बुडून जायचं. मी आठ-दहा दिवस दुर्लक्ष केलं. मग एका गॅरेजात दाखवली. त्यानं दोनदा रेस दिली, मान हलवली आणि म्हणाला, "इंजिन गेलंय. खोलावं लागेल. अठ्ठावीस हजार." आणि माझ्याकडं बघून वर म्हणाला, "बाईमाणसाच्या हातात गाडी. वरच्या गिअरमध्ये दाबून दाबून चालवली असणार."

हे वाक्य माझ्या आधी गावात पोचलं. गटाच्या बैठकीत कुणी तोंडावर बोललं नाही, पण आमच्या खजिनदार आक्का म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून ड्रायव्हर ठेवायचा का, ते पण एकदा बोलून घेऊ." माझ्या पोटात गोळाच आला. लायसन काढायला मी घरात वर्षभर भांडले होते. आणि ते 28,000 म्हणजे सगळ्याजणींची बचत होती, त्यात दोघींच्या मुलींच्या फीसाठी ठेवलेलं होतं. बँकेकडून कर्ज उचलायचं का, इथपर्यंत बोलणं गेलं.

आता गोष्ट इथं थोडी थांबवते, कारण आधी टिकटिक कशाकशाची असू शकते ते समजलं पाहिजे.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला झडपा असतात. आमच्या इंजिनात दोन-दोन, म्हणजे एकूण सहा. एका झडपेतून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीतून जळून झालेला धूर बाहेर जातो. झडप दाबायला वर तराजूच्या दांडीसारखा एक लोखंडी तुकडा असतो. एक टोक वर गेलं की दुसरं टोक झडप खाली दाबतं. हे टोक आणि झडप यांच्यात मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते, मिलिमीटरचा एखाद-दुसरा दहावा भाग, केसापेक्षा थोडी जास्त. लोखंड तापल्यावर वाढतं, त्याला जागा हवी म्हणून. गाडी चालून चालून ती फट मोठी होते, आणि मग दांडी झडपेवर नुसती टेकत नाही, आपटते. तीच टिकटिक. गॅरेजात याला म्हणतात, टॅपेट वाजतंय. पाना आणि फिलर गेज, म्हणजे पातळ पत्र्याच्या मोजपट्ट्या, एवढं घेऊन तासा-दीड तासात फट पुन्हा बसवता येते. इंजिन खोलावं लागत नाही, फक्त वरचं झाकण काढायचं. मात्र किती फट ठेवायची ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि ती इंजिन गार असताना किती न् गरम असताना किती हे वेगवेगळं असतं. अंदाजानं बसवणाऱ्याकडून करून घेऊ नका.

इथं एक गोष्ट लोक उलटी समजतात. टॅपेट अजिबात वाजत नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, असं नाही. फट फार कमी झाली तर आवाज येत नाही, पण झडप नीट मिटतच नाही, आणि जळते. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त होतं, कारण त्यांत झडप आपल्या बैठकीत हळूहळू रुतत जाते आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणून "मला अजिबात आवाज नको" असं मेकॅनिकला सांगू नका. जुन्या गाडीचं टॅपेट बारीकसं वाजत असलेलंच बरं. (घरगुती सिलिंडर गाडीत बसवणाऱ्यांविषयी मी आज बोलत नाही. ते बेकायदा तर आहेच, आणि मागं बसलेल्यांच्या जिवाशी खेळ आहे.)

टिकटिकीचं दुसरं कारण सगळ्यात साधं, आणि तेच कुणी बघत नाही. ऑइल. ऑइल कमी झालं की वरच्या भागांपर्यंत पोचत नाही, आणि कोरडं लोखंड वाजतं. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. ऑइलची पट्टी बाहेर काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये ऑइल हवं. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर आधी ऑइल भरा, मग बाकीचं बोलू. ऑइल काळं असणं ही काही बिघाडाची खूण नाही, वापरलेलं ऑइल काळं होतंच. पण दूध घातलेल्या चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी शिरलंय. ती गाडी चालू करू नका, ओढूनच न्या.

आणि समोर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा गाडी चालू असताना लागला तर रस्त्याच्या कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. त्या चार किलोमीटरांत खरोखरच इंजिन खोलायची वेळ येते.

आमच्या गाडीत ऑइल बरोबर होतं. त्या गॅरेजवाल्यानं पट्टी काढून बघितलीसुद्धा नव्हती, हे मला नंतर सुचलं.

बाकी बारीकसारीक कारणं भराभर सांगते. प्लग सैल झाला की त्याच्या बुडातून हवा सुटते आणि टिकटिक येते, प्लगभोवती काळं तेलकट दिसतं. प्लगच्या वायरीला चीर गेली की ठिणगी बाहेर उडते. अंधारात लांबून बघितलं तर निळसर चमक दिसते, हात मात्र लावायचा नाही, जोराचा झटका बसतो. पट्ट्याचा एखादा धागा सुटून आपटत असतो. आणि ज्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्टरनं जातं, आमची तशीच आहे, त्यांत इंजेक्टरचीच बारीक टिकटिक असते. ती कायम येते, गाडी नवी असतानाही येते, तिच्यासाठी कुणाला पैसे द्यायचे नाहीत.

आता आमची गोष्ट.

मी गाडीत एक वही ठेवते. किती किलोमीटर झाले, पेट्रोल किती टाकलं, कुठल्या दुकानाला किती भाकरी दिल्या, हे त्यात लिहायचं. बैठकीनंतर मी ती वही घेऊन बसले, हे बघायला की आवाज नेमका कधीपासून सुरू झाला. बघता बघता एक वेगळंच दिसलं. पंधरा दिवसांत चार वेळा मी लिहिलं होतं, "डोकं दुखत होतं, भाकरी काकूंनी मोजल्या." मी मोजल्या नाहीत तर हिशेबाला कोण जबाबदार, म्हणून नाव लिहून ठेवायची सवय. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मला पण सकाळी मळमळतं गाडीत. वयानं होत असंल म्हणून बोलले न्हाई." येताना मात्र दोघींनाही काही व्हायचं नाही.

हे मी कशाशी जोडलं नव्हतं, खरं सांगते. जोडलं ते चाचांनी. सोलापुरात आमच्या एका दुकानदाराच्या ओळखीचे म्हातारे मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी गाडीला हातच लावला नाही आधी. खुर्ची दिली आणि विचारायला लागले. आवाज सकाळी जास्त की दुपारी? मी म्हटलं, सकाळी. गरम झाल्यावर? कमी होतो. नुसती उभी असताना जास्त की चढावर ओझं असताना? चढावर जास्त, फाट्याच्या चढाला तर फाट फाट असं वाजतं. काचा?

"थंडी असते चाचा, बंदच असतात."

"आणि परत येताना?"

"दुपारी उघड्या."

"डोकं दुखतं का, बेटा?"

मी वहीच पुढं केली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "ही गाडी आज परत नेऊ नका. इथंच राहू द्या. सकाळी गार असताना बघतो."

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेले. चाचांनी पुढची सीट उचलली, भांडी घासायच्या साबणाचं पाणी एका बाटलीत घेतलं आणि गाडी चालू करताच, लोखंड तापायच्या आत, इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथं जोडलेला असतो तिथं ते उडवलं. त्या जोडाला मॅनिफोल्ड म्हणतात. एका कोपऱ्यातून भराभर बुडबुडे आले. तिथंच लोखंडावर काजळी साचलेली होती, चुलीच्या भिंतीवर साचते तशी. मग त्यांच्या पोरानं मागं सायलेन्सरच्या तोंडाशी जाड गोणपाट क्षणभर धरलं, आणि टिकटिक दुप्पट झाली. धुराला मागून वाट नाही मिळाली तर तो चिरेतूनच जोरानं येणार.

इंजिनात काहीही बिघडलं नव्हतं. जोडातलं गास्केट जळलं होतं आणि एक बोल्ट तुटला होता. यात गाडीचाही दोष नाही. तापून गार होऊन, तापून गार होऊन, दहा-बारा वर्षांत असं होतंच. सकाळी लोखंड गार असतं तेव्हा चीर मोठी, गरम झालं की लोखंड फुगून चीर मिटते, म्हणून आवाज कमी. आणि टॅपेटशी गल्लत का होते तेही चाचांनी सांगितलं. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक झडप एकदाच उघडते आणि एका सिलिंडरचा धूरही एकदाच बाहेर पडतो. दोघांची लय एकच. नुसत्या लयीवरून कानाला फरक कळत नाही. फरक कळतो तो गार-गरम आणि ओझं यावरून. टॅपेटचा आवाज गरम झाल्यावरही राहतो आणि चढ असो की उतार, इंजिन जितकं जोरात फिरेल तसाच वाढतो.

पण मैत्रिणींनो, आमची टिकटिक म्हणजे धूर होता. आणि तो धूर आमच्याच सीटखाली निघत होता, काचा बंद असताना. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो, पण या वायूचा येत नाही, त्यामुळं वास कमी म्हणजे वायू कमी असं समजायचं नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन असतं, ज्याच्यासाठी आपण लोहाच्या गोळ्या घेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, चक्कर येते, गुंगी येते. गुंगी आली की माणसाला काच खाली करायचंही सुचत नाही. ज्यांच्या अंगात आधीच रक्त कमी, ज्या गरोदर आहेत, त्यांना धोका जास्त. आमच्या गटातली एक सून सातव्या महिन्यापर्यंत त्याच गाडीतून दवाखान्यात जात होती. आवाज सुरू व्हायच्या आधी तिचं बाळंतपण झालं होतं, एवढंच आमचं नशीब.

म्हणून गाडीत बसलं की डोकं दुखतं आणि उतरल्यावर मोकळ्या हवेत बरं वाटतं, असं एकीपेक्षा जास्त जणींना होत असेल तर ऊन लागलं, पित्त झालं, दृष्ट लागली असं म्हणू नका. गाडी उभी करा, सगळ्याजणी बाहेर या. कुणाला गुंगी आली असेल, उलट्या होत असतील तर 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना मुद्दाम सांगा, गाडीचा धूर आत येत होता. नाहीतर ते पित्ताचंच औषध देतील.

चाचांचं बिल झालं 1,400 रुपये. गास्केट, बोल्ट, मजुरी, आणि झाकण काढलंच तर टॅपेटही बसवून दिलं त्यात. बिल मी बैठकीत वाचून दाखवलं. आक्कांनी ते फाइलला लावलं आणि चहा टाकायला उठल्या. ड्रायव्हरचा विषय नंतर निघाला नाही.

आता गॅरेजात जायच्या आधी घरी काय करायचं, ते सांगते. तीन-चार दिवस लिहून ठेवा. आवाज गार गाडीत येतो की गरम? उभ्या गाडीत की ओझं असताना? आधी गाडीचं काही काम केलं होतं का, त्यानंतर सुरू झाला का? ऑइल किती आहे? दिवा लागतो का? बसणाऱ्यांना काही होतं का? एवढं कागदावर असलं की मेकॅनिकही जरा सांभाळून बोलतो, हा माझा अनुभव आहे.

आवाज कुठून येतो हे शोधायला हातभर रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी धरा, दुसरं इंजिनाच्या आसपास फिरवा. धूर किंवा हवा सुटत असेल तिथं आवाज एकदम मोठा होतो. मेकॅनिक लोक लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरतात, तसंच हे. पण आधी पदर खोचा, वेणी आत घाला, बांगड्या काढून ठेवा. पट्टा फिरत असतो, आणि रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असलं तरी आपोआप सुरू होऊ शकतो. साडीचा काठ ओढला गेला तर माणूस सुटत नाही. नवीन असाल तर जोडीला कुणीतरी घ्या आणि तिला चावीपाशी उभं करा.

आणि एक आवाज असा आहे की तो आला तर वही लिहायला बसायचं नाही. तो टिकटिक नसतो. तो खालून येतो, जड, ठक ठक, मुसळाचा घाव बसावा तसा, आणि रेस दिली की, ओझं असलं की वाढत जातो. तिथं आतली बेरिंग गेलेली असतात. तेव्हा गॅरेजवाला इंजिन खोलायचं म्हणाला तर तो खरं बोलतोय. तरीसुद्धा दुसऱ्या ठिकाणी एकदा विचारून घ्या, पण गाडी चालवत नेऊ नका, ओढून न्या.

ज्या दोघी मला भेटल्या होत्या, त्यांतल्या एकीचा काल फोन आला. त्यांच्या गाडीची पट्टी काढून बघितली तर टोकालाही ऑइल नव्हतं. भरल्यावर आवाज बराच कमी झाला, पण राहिलाय थोडा. मी म्हटलं, इतकं कमी कसं झालं ते आधी बघा, खाली गळतंय का, की मागून निळा धूर येतोय. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवा, सकाळी डाग कुठं पडलाय ते दिसेल. दुसऱ्या ताईंचं अजून काही कळलं नाही. त्या ऐकत असतील तर काचा उघड्या ठेवून गाडी चालवा, आणि मला फोन करा.

आमची गाडी उद्या चाचांकडे टाकायची आहे, टॅपेट बघायला. गार असतानाच ते काम होतं, म्हणून भाकरीचे डबे आज रात्रीच टेम्पोत भरून ठेवलेत. एक दिवस भाडं जाईल.